वर्ग एका तासाचा, आठवडा १६८ तासांचा : कुत्र्याला प्रशिक्षण वर्गाला नेणाऱ्या नवख्यांसाठी

कुत्र्याला प्रशिक्षण वर्गात घालणाऱ्या माणसाची अपेक्षा बहुतेक वेळा अशी असते, की जळालेली विहिरीवरची मोटार रिवाइंडिंगला दिली म्हणजे चार दिवसांनी जशी नीट होऊन परत येते, तसा महिन्या-दीड महिन्याची फी भरली की कुत्रा शिकून परत येईल. ही अपेक्षा सहसा पूर्ण होत नाही आणि मग दोष कुत्र्याला किंवा प्रशिक्षकाला दिला जातो. आठवड्याचे तास १६८ असतात आणि त्यांतला जेमतेम एक तास वर्गाचा असतो. त्या एका तासात प्रामुख्याने माणूस शिकतो. कुत्रा शिकतो तो उरलेल्या तासांत, आपल्या अंगणात, गच्चीवर आणि गल्लीच्या तोंडाशी. हे एकदा मनाशी पक्के झाले, की वर्ग कसा निवडावा, तिथे काय पाहावे आणि घरी येऊन काय करावे, याचा विचार योग्य दिशेने होऊ लागतो. लातुरात राहून दोन कुत्र्यांसोबत या वाटेने गेल्यावर जे उपयोगी पडले, ते पुढे क्रमाने मांडले आहे.

वर्ग शोधणे आणि आधी एकट्याने पाहून येणे

छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूर यांसारख्या मोठ्या शहरांत चौकशी केल्यास प्रशिक्षक सापडतो; तालुक्याच्या गावी मात्र बहुधा त्यालाच घरी बोलवावे लागते. चौकशीची सुरुवात आपल्या पशुवैद्यकापासून करावी, कारण कोणाकडून शिकून आलेली कुत्री दवाखान्याच्या टेबलावर निवांत उभी राहतात आणि कोणाकडची कुत्री हात लावताच आक्रसून जातात, हे तो रोज पाहत असतो. परभणी आणि उदगीर येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. त्या भागात राहणाऱ्यांनी तिथल्या दवाखान्यातही विचारून पाहावे. गावात सामूहिक वर्ग नसेल, तर ओळखीच्या तीन-चार कुत्रापालकांनी मिळून प्रशिक्षकाला आठवड्यातून एकदा एखाद्या कुंपण असलेल्या मोकळ्या जागी बोलावणे, हा मला सर्वांत चांगला मार्ग वाटतो. खर्च वाटला जातो आणि इतर कुत्र्यांच्या उपस्थितीत आपल्याकडे लक्ष देण्याची सवयही कुत्र्याला लागते. घरी एकट्याने घेतलेल्या शिकवणीत ही सवय लागत नाही.

कुत्रा महिनाभर प्रशिक्षकाकडेच ठेवण्याचा पर्याय सुचवला गेला, तर नवख्या माणसाने तो शक्यतो टाळावा. तिथे कुत्रा ज्या माणसाचे ऐकायला शिकतो तो माणूस आपल्या घरी राहायला येणार नसतो, आणि आपल्या नजरेआड त्याला कसे वागवले गेले हे आपल्याला कधीच कळत नाही.

फी भरण्यापूर्वी एक पूर्ण वर्ग कुत्र्याला न नेता पाहून यावा. पाहायचे असते ते कुत्र्यांच्या शरीराकडे. शेपट्या सैल हलत आहेत की पोटाखाली दाबलेल्या आहेत, कुत्री प्रशिक्षकाकडे ओढ घेऊन जातात की पाय रोवून मागे सरतात, हे दहा मिनिटांत दिसते. एका प्रशिक्षकापाशी पाच-सहापेक्षा अधिक कुत्री असतील, तर आपल्या वाट्याला फारसे काही येणार नाही. त्यानंतर प्रशिक्षकाला विचारावे, की कुत्र्याने बरोबर केले तर तुम्ही काय करता आणि चुकले तर काय करता. पहिल्या प्रश्नाचे उत्तर खाऊ, खेळ, शाबासकी असे स्पष्ट यायला हवे. दुसऱ्याचे उत्तर ‘झटका’, ‘फटका’, ‘जमिनीवर दाबून धरणे’ असे आले, तर तिथून निघावे.

अशा ठिकाणी बहुधा ‘मालकाने अल्फा, म्हणजे कळपाचा म्होरक्या, व्हायला पाहिजे’ हे वाक्य ऐकायला मिळते. या कल्पनेचे मूळ १९४७ साली रुडॉल्फ शेन्केल यांनी बंदिवासात एकत्र ठेवलेल्या लांडग्यांवर केलेल्या निरीक्षणांत आहे. पुढे ही संज्ञा सर्वदूर पोहोचवण्यात ज्यांचा वाटा होता, त्या डेव्हिड मेक या लांडग्यांच्या अभ्यासकांनीच १९९९ मध्ये स्पष्ट केले, की रानातला लांडग्यांचा कळप म्हणजे सहसा आईबाप आणि त्यांची पिल्ले असे कुटुंब असते, तिथे सत्तेसाठी सतत झगडा चालत नाही. म्हणजे जी गोष्ट लांडग्यांनाही नीट लागू पडत नाही, तिच्या आधारावर आपल्या दारच्या कुत्र्याला उताणे पाडून धरण्याला काही अर्थ उरत नाही. शिवाय प्राण्याला मारहाण करणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे, मग ती प्रशिक्षणाच्या नावाखाली का असेना.

हे मी आग्रहाने लिहितो, त्याला कारण आहे. माझ्या पहिल्या कुत्रीला, राणीला, मी ज्या वर्गाला नेले तिथे पहिल्याच दिवशी तिच्या गळ्यात चोक चेन, म्हणजे ओढल्यावर गळ्याभोवती आवळत जाणारी साखळी, घातली गेली. तिसऱ्या आठवड्यात ती ‘बस’ म्हणताच बसू लागली आणि मला समाधान वाटले. पण त्याच सुमारास घरी मी खुंटीवरची साखळी काढली, की ती पलंगाखाली जाऊन बसू लागली. मी वर्ग सोडला. साखळी पाहून तिने पुन्हा दाराशी आनंदाने यावे, यासाठी पुढे चार महिने गेले.

वय आणि लसी

पिल्लाच्या आयुष्यातले साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंतचे दिवस जगाशी ओळख करून घेण्याचे असतात. या काळात चांगल्या अनुभवातून ओळखीची झालेली माणसे, आवाज आणि जमिनी त्याला पुढे सहसा भयावह वाटत नाहीत. अडचण अशी, की लसीकरणही याच काळात चालू असते : पहिली लस सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास, त्यानंतर दर तीन-चार आठवड्यांनी पुढचे डोस सोळा आठवडे पूर्ण होईपर्यंत, आणि तीन महिन्यांच्या सुमारास रेबीजची लस. सगळे डोस संपेपर्यंत पिल्लाला घराबाहेर काढायचेच नाही असे ठरवले, तर ओळखीचे दिवस हातचे जातात. म्हणूनच प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेतील पशुवैद्यकांच्या संघटनेने असे सुचवले आहे, की सात-आठ आठवड्यांच्या पिल्लाला पहिली लस देऊन किमान सात दिवस झाले असतील आणि जंतनाशकाचा पहिला डोस झाला असेल, तर पिल्लांच्या वर्गाला नेण्यास हरकत नाही.

आपल्याकडे या सल्ल्याला एक जोड द्यावी लागते. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या जुलाब-उलट्यांच्या रोगाचे विषाणू मातीत कित्येक महिने टिकून राहतात आणि आपल्या मोकळ्या मैदानांवर मोकाट कुत्र्यांचा वावर असतो. त्यामुळे लहान पिल्लाचा वर्ग मैदानावर नसावा. निर्जंतुक करून धुता येईल अशी फरशी किंवा एखाद्याची स्वच्छ गच्ची असावी. तसेच जो प्रशिक्षक लसीकरणाचे कार्ड मागतच नाही, त्याच्याकडे आपल्या शेजारी उभ्या असलेल्या कुत्र्याचेही कार्ड कोणी पाहिलेले नसते, हे ध्यानात घ्यावे. गोचिडांचे औषधही वर्ग सुरू होण्याआधी करून घ्यावे, कारण गोचिडे एका कुत्र्यावरून उतरून दुसऱ्यावर चढतात आणि सोबत ताप आणतात.

मोठ्या कुत्र्याचे काय, असे पुष्कळजण विचारतात. रस्त्यावरून घरी आणलेली चार वर्षांची गावठी कुत्रीही उत्तम शिकते. तिला वेळ थोडा जास्त द्यावा लागतो, एवढेच.

घराची भाषा आधी ठरवणे

वर्गाच्या पहिल्या दिवसाआधी घरातल्या सर्वांना एकत्र बसवून शब्द ठरवावेत आणि ते लिहून स्वयंपाकघराच्या दारावर लावावेत. आपल्याकडे होते असे, की प्रशिक्षक ‘सिट’ म्हणतो, वडील ‘बस’ म्हणतात, आजी ‘बैस गं बाई’ म्हणते आणि मुले ‘खाली बस, खाली बस’ असा घोष लावतात. कुत्र्याला भाषा कळत नाही, ध्वनी कळतो, आणि त्याच्या दृष्टीने हे चार वेगळे ध्वनी आहेत. शब्द मराठी असावेत की इंग्रजी, याने काहीही फरक पडत नाही. प्रशिक्षकाला आपले शब्द सांगितले, तर समंजस प्रशिक्षक तेच वापरतो. ज्या घरात आजी-आजोबा दिवसभर कुत्र्याजवळ असतात, तिथे त्यांच्या तोंडी सहज येणारा शब्दच सर्वांनी स्वीकारावा, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘हिकडं ये’ ही हाक त्यांच्या तोंडी बसलेली असेल, तर सर्वांची हाक ‘हिकडं ये’.

शाबासकीचा शब्दही ठरवावा आणि तो आखूड असावा. ‘शाब्बास रे माझ्या राजा’ म्हणून होईपर्यंत कुत्रा उठून दुसरीकडे वळलेला असतो आणि बक्षीस त्या वळण्याला मिळते. कृती आणि तिचे फळ यांत सेकंदाहून अधिक अंतर पडले, की कुत्र्याला त्यांचा संबंध लागणे अवघड जाते. म्हणून काही प्रशिक्षक क्लिकर नावाची ‘टक्’ असा आवाज करणारी छोटी डबी वापरतात. या आवाजामागोमाग दर वेळी खाऊ येतो, असे वीस-पंचवीस वेळा झाले, की तो आवाजच खाऊची खात्री देऊ लागतो. इव्हान पावलोव्ह यांच्या प्रयोगांत कुत्र्यांना जेवणाआधीच्या आवाजानेच लाळ सुटू लागली, ती याच नियमाने. क्लिकर नसला, तरी ‘हां!’ एवढा एक ठसठशीत उद्गार तेच काम करतो. फक्त तो दिल्यावर खाऊ चुकवू नये.

पिशवीत काय न्यावे

खाऊचे तुकडे तुरीच्या दाण्याएवढे असावेत. एका तासात ऐंशी-शंभर वेळा खाऊ द्यावा लागतो, आणि तुकडा मोठा असला तर कुत्रा चावत बसतो व निम्म्या तासात त्याचे पोट भरते. मीठ-मसाला न घालता उकडलेले चिकन किंवा अंडे उत्तम. शाकाहारी घरात पनीर, उकडलेला लाल भोपळा, गाजर चालते. रोजच्या भाकरीचा तुकडा अंगणात चालून जातो, पण वर्गात, जिथे पाच अनोळखी कुत्री समोर आहेत, तिथे रोजच्या भाकरीसाठी कोणी मान वळवत नाही. दिवसभराच्या आहारात खाऊचा वाटा दहाव्या हिश्श्याहून जास्त होऊ देऊ नये आणि वर्गाच्या दिवशी आधीचे जेवण निम्मे करावे. मनुका आणि द्राक्षे मूत्रपिंडे निकामी करू शकतात. चॉकलेट, कांदा आणि लसूण हेही कुत्र्याला विषारी असतात. म्हणून घरच्या चिवड्यातून किंवा भाजीतून उचललेले तुकडे खाऊ म्हणून नेऊ नयेत.

याशिवाय पाच-सहा फुटांची साधी लीश (फिरवायची दोरी), नीट बसणारा गळपट्टा किंवा हार्नेस (छातीभोवती बसणारा पट्टा), पाणी, वाटी, विष्ठा उचलण्यासाठी पिशव्या आणि एक वही एवढे पुरते. ओढल्यावर आपोआप लांबणारी लीश वर्गाला नेऊ नये.

वर्गातला तास

पंधरा मिनिटे आधी पोहोचून कुत्र्याला मैदानाच्या कडेने वास घेत फिरवावे. कुत्रा नाकाने जागा वाचतो आणि ते वाचन अर्धवट सोडून त्याला रांगेत उभे केले, की पहिला अर्धा तास तो आपल्याकडे पाहतच नाही. इतर कुत्र्यांना तोंडाला तोंड लावून भेटवण्याची घाई करू नये. ताणलेल्या लीशवर समोरासमोर झालेली भेट पुष्कळदा भांडणाकडे जाते.

वर्गाला तोच माणूस जावा जो कुत्र्याला रोज फिरवतो. वर्गाला आपण, रोज फिरवणारा गडी आणि जेवण घालणारी आई, अशी विभागणी असेल, तर किमान एक-दोन वेळा त्यांनाही सोबत न्यावे. प्रशिक्षक एखादी कृती आपल्या कुत्र्याकडून स्वतः करून दाखवू लागला, की ती घरच्या माणसाने मोबाइलवर चित्रित करावी आणि त्यानंतर लीश आपल्या हातात मागून घ्यावी. प्रशिक्षकाच्या हाती कुत्रा बसला, याने आपल्याला काही आले असे होत नाही. आपण करताना कुठे चुकतो आहोत हे त्याने पाहून सांगावे, यासाठीच तर आपण फी भरतो. हात कधी हलला, शब्द आधी आला की हात आधी, खाऊ कुठल्या उंचीवर दिला, अशा बारीक चुका बाहेरच्या नजरेलाच दिसतात. प्रश्न वहीत लिहून न्यावेत आणि तेही नेमके असावेत. ‘हा ऐकतच नाही’ याला उत्तर देता येत नाही. ‘दूधवाला आला की फाटकाजवळ बोलावल्यावर येत नाही’ याला देता येते.

कुत्र्याकडे सतत लक्ष असावे. झोप आलेली नसताना दिलेली जांभई, वारंवार ओठ चाटणे, मान वळवून घेणे, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणे, आणि एरवी आवडणारा खाऊ न घेणे ही ताण वाढल्याची चिन्हे आहेत. अशा वेळी त्याला रांगेतून काढून वीस-पंचवीस पावले दूर न्यावे. प्रशिक्षक नाराज होईल म्हणून संकोच करू नये. कुत्रा गुरगुरला, तर त्याला त्याबद्दल रागावू नये, हे तर विशेष लक्षात ठेवावे. गुरगुरणे ही त्याने दिलेली सूचना असते. ती सूचना मारून बंद केली, की पुढच्या वेळी तो सूचना न देता चावतो. वर्गात कोणाला दात लागलेच, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन लगेच दवाखाना गाठावा. कुत्र्याचे लसीकरण झाले आहे, या भरवशावर घरी बसू नये.

घरचा अभ्यास

वर्गाचे सारे फळ इथे ठरते. रोज अर्धा तास सलग बसण्यापेक्षा दिवसातून चार-पाच वेळा तीन-तीन मिनिटे शिकवणे कुत्र्याच्या पचनी पडते, आणि ते दिनक्रमात बसवणेही सोपे जाते : चहा उकळेपर्यंत तीन मिनिटे, जेवणाची वाटी खाली ठेवण्याआधी तीन, फाटक उघडण्याआधी तीन.

नवख्यांना सर्वांत गोंधळात टाकणारी गोष्ट अशी, की वर्गात बिनचूक बसणारा कुत्रा घराच्या फाटकाशी त्याच शब्दाला दाद देत नाही. त्याला हट्टी ठरवले जाते. वास्तविक ‘बस’ हा शब्द त्याने मैदान, सकाळची वेळ, समोर उभा माणूस आणि हातातली खाऊची पिशवी या सगळ्यांसकट शिकलेला असतो. यांतले काहीही बदलले, तर त्याच्यासाठी तो जवळपास नवा धडा असतो. म्हणून प्रत्येक कृती आधी घरात, मग अंगणात, मग दुपारच्या सामसूम गल्लीत, मग संध्याकाळच्या गजबजलेल्या गल्लीत, अशी नव्याने शिकवावी लागते.

अवघडपणा तीन दिशांनी वाढतो : किती वेळ थांबायचे, आपण किती लांब उभे राहायचे, आणि आजूबाजूला काय चालू आहे. एका वेळी यांतली एकच गोष्ट वाढवावी आणि ती वाढवताना इतर दोन कमी कराव्यात. अंगणात दहा पावलांवरून ‘थांब’ जमत असेल, तर गल्लीत पहिल्या दिवशी एका पावलावरूनच सुरुवात करावी. पुढे जावे की नाही, हे ठरवण्यासाठी मी पाच-पाच प्रयत्नांचा हिशेब ठेवतो. पाचांपैकी चार किंवा पाच बरोबर आले तर एक पायरी वर, तीन आले तर तिथेच, दोन किंवा त्याहून कमी आले तर एक पायरी खाली. हे वहीत रोज लिहिले, की आठवड्याच्या शेवटी प्रशिक्षकाला दाखवायला काहीतरी ठोस हाती असते.

शब्द एकदाच उच्चारावा. ‘बस, बस, अरे बस’ म्हटल्यावर तिसऱ्यांदा बसणारा कुत्रा आज्ञा मोडत नसतो. तिसऱ्या शब्दाला बसायचे असते, एवढेच आपण त्याला शिकवलेले असते. आणि ‘ये’ म्हणून बोलावल्यावर त्याला कधीही रागावू नये, आंघोळ घालू नये, गोळी देऊ नये. त्या कामांसाठी आपण उठून त्याच्यापर्यंत जावे.

पश्मी आणि कारवान पाळणाऱ्यांसाठी

लातूर जिल्ह्यात, विशेषतः चाकूर तालुक्यातल्या जानवळच्या परिसरात, पश्मी आणि कारवान कुत्री पिढ्यान्‌पिढ्या पाळली जातात. ही नजरेने शिकार हेरून धावणारी कुत्री आहेत, आणि बहुतेक वर्गांतला अभ्यासक्रम लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड यांना समोर ठेवून आखलेला असतो, म्हणून आपल्या कुत्र्याची बाजू प्रशिक्षकाला आपणच समजावून सांगावी लागते. लांब मांड्या आणि अंगावर चरबी नसलेल्या या कुत्र्यांपैकी अनेकांना कडक जमिनीवर ढुंगण टेकून बसणे त्रासाचे जाते. कंबर दाबून बसवण्याचा प्रयत्न कोणी करू लागल्यास थांबवावे आणि त्याऐवजी ‘उभा राहा’ किंवा गोणपाटावर ‘आडवा हो’ शिकवावे. डोके अरुंद आणि मान जवळपास तेवढीच असल्याने साधा गळपट्टा मागे सरताच निसटतो. त्यांच्यासाठी रुंद आणि ओढल्यावर मर्यादेतच आवळणारा मार्टिंगेल पट्टा घ्यावा. धडे अगदी छोटे ठेवावेत, आवाज चढवू नये. ससा किंवा मांजर नजरेस पडल्यावर बोलावून परत येणे, ही या कुत्र्यांकडून करायची सर्वांत अवघड अपेक्षा आहे. ती वर्षभराच्या सरावानंतरही शंभर टक्के पूर्ण होईल असे धरू नये, आणि रस्त्याजवळ त्यांना मोकळे सोडू नये. माझी राणी पश्मीच होती. तिला ‘बस’ कधी आवडले नाही. ‘उभी राहा’ मात्र ती बसस्थानकासमोरच्या गर्दीतही पाळत असे.

उन्हाळ्यातले वर्ग

एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा अनेकदा ४० अंशांच्या वर जातो. कुत्र्याला घाम येतो तो केवळ पंजांच्या तळव्यांतून. शरीर थंड करण्यासाठी त्याची भिस्त धापेवर असते. वर्ग सकाळी सातच्या आत संपत असेल तरच न्यावे. प्रशिक्षक वेळ बदलायला तयार नसेल, तर दोन महिने घरात पंख्याखाली अभ्यास करावा. डांबरावर हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवून पाहावी. आपल्याला सोसत नसेल, तर त्यालाही सोसत नाही. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांची दुप्पट काळजी घ्यावी. धाप थांबत नाही, लाळ चिकट झाली आहे, पाय लटपटत आहेत असे दिसले, तर आधी सावलीत अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि मग दवाखान्यात न्यावे.

वर्ग संपल्यावर

सहा महिने ते दीड वर्ष या वयात बहुतेक कुत्री शिकलेले विसरल्यासारखी वागतात, आणि नेमक्या याच काळात वर्ग संपलेला असतो. या दिवसांत नवे काही शिकवू नये. जुन्याच कृती सोप्या जागी, चांगल्या खाऊसह पुन्हा पक्क्या कराव्यात आणि शक्य असेल तर महिन्यातून एकदा वर्गाच्या मैदानावर चक्कर मारावी.

पोळ्याची वाजंत्री, गणपतीचे ढोल आणि दिवाळीचे फटाके यांची तयारी वर्गात क्वचितच होते. ती आपणच करायची असते. दिवाळीच्या किमान दोन महिने आधी फटाक्यांचा ध्वनिमुद्रित आवाज मोबाइलवर अगदी हळू लावून त्याच वेळी जेवण द्यावे आणि तीन-चार दिवसांनी आवाज किंचित वाढवावा. कुत्र्याने वाटीतून तोंड काढले किंवा कान मागे घेतले, तर दुसऱ्या दिवशी आवाज आधीच्या पातळीवर आणून पुन्हा तिथूनच सुरुवात करावी.